नातं चालतं का? निकाहाआधी कागद-पेन घेऊन कसं तपासायचं

सोलापुरात विजापूर वेशीकडं आमचं डीटीपी-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बायोडाटा, वलीम्याची कार्डं असलं सगळं करतो, त्यामुळं सीझनला येणाऱ्या निम्म्या लोकांचा खरा प्रश्न डिझाइनचा नसतोच, कार्डाचा नमुना हातात धरून हळूच विचारतात, "भाई, हे नातं आपल्यात चालतं ना ओ?" मी मौलवी नाही, आलिम नाही. पण इतक्या वर्षांत इतक्या वेळा हा प्रश्न घेऊन मुफ्तीसाहेबांकडं (फतवा म्हणजे धर्माचा निर्णय देणारे) पळालोय की साधी साधी प्रकरणं आता कागदावरच सुटतात, अवघड असलं तरच त्यांच्याकडं जायचं. ती कागदाची पद्धत इथं लिहितो.

जुन्या पत्रिकेची मागची कोरी बाजू घ्या. मधे मुलाचं नाव. वर आई-वडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा, म्हणजे दादा-दादी, नाना-नानी. मुलाच्या शेजारी बहीण-भाऊ, आणि आई-वडिलांच्या शेजारी त्यांचे बहीण-भाऊ, म्हणजे चाचा, फुफी (आत्या), मामू, खाला (मावशी). मुलीचा असाच दुसरा कागद. सावत्र असेल तर तेही लिहायचं, लाजायचं नाही, आमच्याकडं एकानं आजोबांचं दुसरं लग्न लपवलं होतं आणि सगळा हिशोब तिथंच चुकला.

आता रक्ताच्या नात्याचा नियम बघा. कुराणात सूरह निसा या अध्यायात आयत (वचनं) २२ ते २४ यात नावं घेऊन यादी दिलेली आहे, पण यादी पाठ करण्यापेक्षा चार रेषा लक्षात ठेवा. पहिली रेषा सरळ वर, आई, आजी, पणजी, दोन्हीकडच्या, सगळ्या बंद. दुसरी सरळ खाली, मुलगी, नात, पणती. तिसरी, आपल्या आई-बापाच्या पोटचं जेवढं आहे तेवढं सगळं, म्हणजे बहीण (सख्खी, फक्त बापाकडून, फक्त आईकडून, तिन्ही) आणि बहीण-भावांची मुलं, नातवंडं, कितीही खाली गेलात तरी बंद. चौथी रेषा लोक चुकवतात. आजी-आजोबांच्या पोटची फक्त पहिली पिढी बंद, म्हणजे फुफी आणि खाला. तसंच पणजी-पणजोबांची पहिली पिढी, म्हणजे वडिलांची फुफी, आईची खाला, त्याही बंद. पण या सगळ्यांची मुलं खुली. म्हणून चुलत, मामे, फुफेरी, खालाची, चारही प्रकारची बहीण चालते. मुलीच्या बाजूनं बघताना सगळं उलटं वाचा, बाप, मुलगा, भाऊ, भाचा-पुतण्या, चाचा, मामू बंद.

एक गफलत इथं नेहमी होते. आपण आईच्या चुलत बहिणीलाही खालाच म्हणतो आणि वडिलांच्या मामेबहिणीला फुफी. हाक मारली म्हणून नातं बंद होत नाही, कागदावर रेषा कुठून निघाली ते बघायचं. आईची चुलत बहीण म्हणजे पणजीची दुसरी पिढी, ती खुली. तशीच चाची आणि मामी. चाचा वारले किंवा तलाक झाला आणि इद्दत (पुन्हा निकाहाआधी बाईनं थांबायची ठरलेली मुदत) संपली तर चाचीशी निकाह होऊ शकतो, ऐकायला कसंतरी वाटतं, मलाही वाटतं, पण वाटणं वेगळं आणि हराम वेगळं.

सोलापूरवाल्यांना हा विषय जास्त गोंधळाचा का होतो ते पण सांगतो. आमच्या दुकानात टायपिंगला पोरगा आहे तो पद्मशाली, तेलुगू घरचा. त्यांच्यात सख्ख्या मामाशी भाचीचं लग्न जुन्या लोकांत अगदी हक्काचं समजलं जायचं. समोरच्या चहावाल्याच्या मराठी घरात मामाची पोरगी चालते पण चुलत बहीण म्हणजे बहीणच, विचारसुद्धा करायचा नाही. आणि आमच्यात चुलत बहीण चालते पण भाची कायमची बंद. तीन घरं, तीन नियम, आणि एकाच टपरीवर चहा. पद्मशाली पोरगा पहिल्यांदा आमच्याकडची पत्रिका टाइप करताना थांबला आणि म्हणाला, "काय बे, दोन्हीकडं शेखच? मुलीचं आडनाव चुकलंय बघ." त्याला वाटलं एकच कुळ. आपल्यात गोत्र वगैरे भानगड नाही, शेख-शेख, पठाण-पठाण बिनधास्त.

आता सासरकडची नाती. यात चार जण बंद आहेत, आणि कायमचे. बायकोची आई (आणि आजी), मुलाची बायको, वडिलांची किंवा आजोबांची बायको, आणि बायकोची आधीच्या नवऱ्यापासूनची मुलगी. यातला बारीक फरक असा की पहिल्या तिघींच्या बाबतीत नुसता निकाह झाला की दार बंद, नवरा-बायको एक दिवस सोबत राहिले नसले तरी. सावत्र मुलीच्या बाबतीत मात्र आईशी संबंध आलेला असेल तरच बंद, आयत २३ मध्ये तसं स्पष्ट आहे. बाकी सासरची मंडळी खुली असतात (सालीचा तात्पुरता नियम पुढं येतो). दोन सख्ख्या भावांना दोन सख्ख्या बहिणी चालतात. सावत्र आईनं सोबत आणलेली मुलगी, जिचा आपल्या बापाशी रक्ताचा काही संबंध नाही, ती चालते. भाऊ वारल्यावर वहिनी इद्दतीनंतर चालते. साटंलोटं सुद्धा चालतं, पण दोघींची मेहर (नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) वेगवेगळी ठरली पाहिजे आणि मिळाली पाहिजे, तुझी पोरगी दे माझी घे आणि मेहर फिटली असा सौदा करायला हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, मनाई आहे.

आता येतो दुधाच्या नात्यावर, म्हणजे रझाअत. हे मी मुद्दाम लांबण लावून सांगणार आहे कारण कागदावर हेच राहून जातं आणि आमच्या घरात यानंच तमाशा झाला.

माझी मंगनी ठरली होती खालाच्या मुलीशी. खाला गुलबर्ग्याला दिलेली. कागद काढायचा तर माझी खालाची बहीण, चौथ्या रेषेची दुसरी पिढी, एकदम खुली. साखर वाटून झाली, अम्मीनं कपड्याचं माप पण पाठवलं. मग एकदा दुपारी नानी आमच्या पडवीत बसून शेंगा फोडत होती आणि बोलता बोलता म्हणाली, "ये तो तेरे छोटे मामू के साथ का है, दोनों एक साथ मेरे पास दूध पीते थे." कुणाच्या लक्षातही आलं नाही आधी. अब्बांच्या हातातला कप तसाच राहिला. झालं होतं असं की माझ्या जन्माच्या वेळी अम्मीला टायफॉइड, आणि नानीला तेव्हा धाकटे मामू चार-पाच महिन्यांचे, म्हणजे माय-लेकी एकाच वेळी बाळंतीण, त्या काळात त्यात नवल नव्हतं. मग दोन महिने नानीनंच मला पाजलं. नातवाला नानीनं पाजलं यात कुणाला काय वेगळं वाटणार?

पण हिशोब करा. जी बाई पाजते ती त्या बाळाची आई होते, तिचा नवरा बाप होतो आणि तिची सगळी मुलं, आधीची असो की नंतरची, त्या बाळाची भावंडं होतात. म्हणजे नानी माझी दुधाची आई. मग खाला माझी दुधाची बहीण. आणि खालाची मुलगी माझी भाची! तिसऱ्या रेषेत गेली सरळ. मुफ्तीसाहेबांनी दहा मिनिटं नानीला प्रश्न विचारले, वय किती होतं, किती दिवस पाजलं, आणखी कोणाला माहितीये, आणि मग मान हलवली. मंगनी मोडली. नानी बिचारी आठ दिवस जेवली नाही धड, तिला वाटलं तिच्यामुळं झालं. खरं तर तिनं लग्नाआधी बोलून वाचवलं, निकाहानंतर कळलं असतं तर नवरा-बायकोला वेगळं करावं लागलं असतं.

तर कागदावर हे कसं लिहायचं. प्रत्येक मुलाच्या नावाखाली एक ओळ, "दूध कोणाचं". आई सोडून कुणी पाजलं असेल तर त्या बाईच्या नावापासून तुटक रेषा ओढायची आणि मग तिच्या घराला वरच्या चारही रेषा लावायच्या, कारण हदीसचा नियमच असा आहे की जन्मानं जे हराम ते दुधानंही हराम. वयाची अट आहे, बाळ दोन वर्षांच्या आतलं पाहिजे (इमाम अबू हनीफांचं मत अडीच वर्षांचं आहे, पण हनफींत, म्हणजे त्यांच्या मार्गानं चालणाऱ्यांत, फतवा साधारण दोन वर्षांवर देतात). किती वेळा पाजलं यावर मसलक, म्हणजे कुठल्या इमामाचा मार्ग, ते बघावं लागतं. हनफीत एकदा, थोडंसं पोटात गेलं तरी नातं लागलं, शाफईत पाच वेळा वेगवेगळं पाजलेलं पाहिजे. आपल्या सोलापुरात जास्त करून हनफी, पण कोकणी मुसलमान शाफई असतात, रत्नागिरी-रायगडकडचं स्थळ आलं तर हा मुद्दा आधी बोलून घ्या. चमच्यानं किंवा बाटलीतून दुसऱ्या बाईचं दूध पाजलं तरी मोजतात. डब्याच्या पावडरीनं आणि म्हशीच्या दुधानं काही होत नाही, दोन पोरांनी एकाच म्हशीचं दूध प्यायलं म्हणून भाऊ-बहीण झाले नाहीत, हसू नका, हा प्रश्न मला खरंच विचारलाय. हॉस्पिटलच्या मिल्क बँकेचं दूध दिलं असेल तर त्यात आलिमांची मतं वेगळी आहेत, ते मुफ्तींकडंच न्या.

आणि एक दिलासा. दुधाचं नातं फक्त पिणाऱ्याला लागतं, त्याच्या बहीण-भावांना नाही. माझा धाकटा भाऊ नानीचं दूध प्यायलाच नव्हता. दोन वर्षांनी त्याच मुलीचा निकाह त्याच्याशी झाला. आता ती आमच्याच घरात आहे, बाकीच्या दीर-जेठांसमोर ओढणी सावरते, माझ्यासमोर नाही, कारण मी तिचा दुधाचा मामू, मेहरम, म्हणजे निकाह कायमचा बंद असलेला. ती मला मुद्दाम सगळ्यांसमोर मामू म्हणते आणि भाऊ चिडतो.

विचारायचं कोणाला? आईला तर विचाराच, पण तिला सगळं आठवेलच असं नाही, बाळंतपणात ती स्वतः आजारी असते. नानी, दादी, मोठी खाला, शेजारची म्हातारी, जी बाळंतपणाला हजर होती ती. मंगनीच्या आधी विचारा, हॉल बुक झाल्यावर नाही.

कायमचं सोडून जे तात्पुरतं बंद असतं ते आता पटपट सांगतो. साली. बायको निकाहात आहे तोवर तिची बहीण चालत नाही, आणि हदीसप्रमाणे तिची फुफी, खाला, भाची, भतीजी पण सोबत चालत नाही. बायको वारली तर चालते. तलाक झाला असेल तर तिची इद्दत संपेपर्यंत थांबायचं. हे मोडून लोक निकाह करतात आणि मग कोर्टात जातात, शेजारच्या कर्नाटकातलं असंच एक प्रकरण, चांद पटेल विरुद्ध बिस्मिल्ला बेगम, २००८ साली सुप्रीम कोर्टात गेलं होतं, कोर्टानं सांगितलं की असा निकाह मुळातून रद्द, म्हणजे बातिल नाही, तो फासिद, म्हणजे दोष असलेला, आणि सक्षम कोर्ट रद्द ठरवेपर्यंत त्या बाईला आणि मुलांना पोटगी द्यावी लागेल. बातिल आणि फासिद हे दोन शब्द लक्षात ठेवा, वकील हेच वापरतात.

दुसऱ्याच्या निकाहात असलेली बाई अर्थातच बंद. इद्दतीतली बाई पण बंद. नवरा वारला तर ४ महिने १० दिवस, चांदाच्या हिशोबानं. तलाक झाला तर तीन पाळ्या, पाळी येत नसेल तर तीन महिने, आणि पोटात बाळ असेल तर दोन्ही बाबतीत बाळंत होईपर्यंत. निकाह झाला पण सोबत राहिलेच नाहीत आणि तलाक झाला तर इद्दत नाही. विधवेच्या इद्दतीत उघड मागणी घालायची नाही, सूचक बोललं तर चालतं, आयत आहे तशी. आमच्याकडं मात्र इद्दत संपायच्या आत बायोडाटा टाइप करायला येतात, मी तारीख विचारतो आणि परत पाठवतो.

चारच्या वर बायका एकाच वेळी नाहीत. आणि चारची परवानगी जिथं आहे त्याच आयतीत बरोबरी राखता येणार नसेल तर एकच असं लिहिलंय, लोक अर्धी आयत वाचतात. तीन तलाक पूर्ण झालेली बाई त्याच नवऱ्याला परत चालत नाही, तिचं दुसरीकडं खरोखरचं लग्न होऊन ते आपसूक संपलं तर गोष्ट वेगळी. ठरवून केलेल्या हलाल्यावर, म्हणजे पहिल्याकडं परत जाण्यापुरत्या लावलेल्या अशा निकाहावर, हदीसमध्ये लानत (शाप) आहे. एका दमात तीनदा तलाक म्हणणं तर २०१९ च्या कायद्यानं गुन्हाच आहे, तीन वर्षांपर्यंत जेल.

धर्माचं बघू. मुसलमान पुरुषाला मुसलमान बाई, किंवा अहले किताब म्हणजे यहुदी-ख्रिश्चन बाई चालते (सूरह माइदा, आयत ५), आलिम लोक आजकाल त्यालाही नकोच म्हणतात. मूर्तिपूजक बाईशी निकाह होत नाही, आणि मुसलमान बाईचा निकाह मुसलमान पुरुषाशीच. ही शरीयतची बाजू झाली. देशाचा कायदा वेगळा आहे, स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली कुठल्याही दोन धर्मांच्या माणसांना लग्न करता येतं, ३० दिवसांची नोटीस लागते. आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं मोहम्मद सलीम विरुद्ध शमसुद्दीन या केसमध्ये मुसलमान पुरुष आणि हिंदू बाईचा निकाह फासिद धरला, बातिल नाही, आणि मुलगा औरस ठरवून त्याला बापाच्या इस्टेटीत वाटा दिला.

स्पेशल मॅरेज ॲक्टमध्ये एक खड्डा आहे. त्याच्या यादीत चुलत-मामे-फुफेरी बहीण-भाऊ सगळे बंद आहेत, रिवाज असेल तर सूट. म्हणजे निकाहाला जे चालतं ते तिथं अडू शकतं. खालाच्या मुलीशी लग्न करणाऱ्यानं हे वकिलाला विचारूनच फॉर्म भरावा.

ज्याचं काहीच लागत नाही अशा गोष्टी पण लोक धरून बसतात. रक्त दिलं म्हणून नातं लागत नाही. राखी बांधली, मुंहबोला भाऊ मानला, तरी नाही. दत्तक घेतलेलं मूल रक्ताचं होत नाही, सूरह अहजाबमध्ये स्पष्ट आहे, म्हणून दत्तक घेणारी बाई बाळ दोन वर्षांच्या आतलं असेल तर कधी कधी आपल्या बहिणीकडून दूध पाजवून घेते, म्हणजे मोठेपणी पडद्याचा प्रश्न येत नाही. बिरादरी तर हरामच्या यादीत कुठंच नाही. बागवानाला बागवानच पाहिजे, अत्ताराला अत्तारच, हा रिवाज आहे. हनफीत किफाअत म्हणजे बरोबरीचा विचार आहे हे खरं, पण गुलामीतून सुटलेल्या हजरत झैद यांचा निकाह हजरत झैनब यांच्याशी खुद्द पैगंबरांनी लावला होता, त्या कुरैश घराण्याशी जवळच्या नात्यातल्या, पैगंबरांच्या फुफीच्या मुलगी. मोहरममध्ये पंजे बसलेत म्हणून निकाह हराम होत नाही, लोक टाळतात ते टाळतात. शव्वाल महिन्याला अशुभ मानायचे, त्यावर पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा सांगायच्या की माझा निकाह शव्वालमध्येच झाला.

नातं चालतं पण मुलगी राजी नाही, मग? मग नाही चालत. खनसा बिंते खिदाम यांचा निकाह बापानं मर्जीविरुद्ध लावला होता, पैगंबरांनी तो मोडून टाकला, बुखारीत आहे. निकाहाचा वकील (कोर्टातला नाही, मुलीचा होकार आणणारा) आणि दोन गवाह इजाजत घ्यायला आत जातात तेव्हा मुलीच्या भोवती दहा बायका बसवून ठेवू नका, तिला बोलू द्या. वयाचं सांगायचं तर मुलगी १८, मुलगा २१, बालविवाह कायदा २००६, आधार कार्डाची झेरॉक्स आम्ही काढतो तेव्हा तारीख दिसतेच आम्हाला.

आणि नात्यातच करायचं ठरलं असेल तर एक काम शरीयतच्या यादीत नसलं तरी करा. थॅलेसेमियाची तपासणी, रक्ताची एचपीएलसी टेस्ट. दोघंही थॅलेसेमिया मायनर (नुसते वाहक) निघाले तर प्रत्येक बाळंतपणात मेजर (खरा आजार असलेल्या) बाळाची शक्यता २५ टक्के. घरात आधीपासून चुलत-खालाती लग्नं होत आली असतील तर जास्तच.

शेवटी काझीसाहेबांकडं जाताना दोघांचे आधार, फोटो, गवाहांचे आधार, आधी लग्न झालेलं असेल तर तलाकनामा किंवा मृत्यूचा दाखला, इद्दत संपल्याची तारीख लिहून, आणि हा कागद. आमच्या घरचा अजून दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे, लॅमिनेट करून, नानीच्या नावापासून माझ्यापर्यंत तुटक रेषा लाल पेनानं. पुतणी आता सातवीत आहे, तिच्या वेळी लागेल.